मृत राजांचे राज्य : इंका, त्यांचे शेजारी आणि स्पॅनिश विजय

प्रश्न असा आहे : इंका लोक सूर्याची उपासना करत, एवढेच पाठ्यपुस्तकात सांगितलेले असते, त्यांचा धर्म नेमका कसा होता, आजूबाजूच्या संस्कृतींशी त्यांचे नाते काय होते, आणि १६८ स्पॅनिश माणसांनी सुमारे १ कोटी लोकसंख्येचे साम्राज्य कसे काय घेतले? प्राचीन अमेरिकेचा इतिहास मी पदव्युत्तर वर्गाला २४ वर्षे शिकवतो आहे. हे तीन प्रश्न दरवर्षी तीन वेगवेगळ्या तासांना विचारले जातात आणि दरवर्षी मला त्यांचे उत्तर एकत्रच द्यावे लागते, कारण धर्म, शेजारी आणि पराभव या तिन्ही गोष्टी तेथे एकाच धाग्यात गुंफलेल्या आहेत. तो धागा हाती लागावा म्हणून मी सुरुवात सूर्यापासून न करता मृत राजांपासून करतो.

कुस्को या इंकांच्या राजधानीत (आजच्या पेरूमधील अँडीज पर्वतात) राजाचे निधन झाले की राज्य नव्या राजाकडे जात असे, मालमत्ता मात्र मृत राजाकडेच राहत असे. त्याचा वाडा, त्याच्या जमिनी, त्याचे सेवक आणि लामांचे कळप त्याच्याच नावावर चालू राहत आणि नवा राजा वगळता त्याचे बाकीचे वंशज, म्हणजे त्याची ‘पनाका’, या सगळ्याची व्यवस्था पाहत असत. देवस्थानाच्या इनाम जमिनीची वहिवाट ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना चटकन कळेल; फरक इतकाच की येथे देवाच्या जागी राजाचा जतन केलेला देह होता. त्या देहाला ‘मल्की’ म्हणत, आणि केचुआ भाषेत याच शब्दाचा अर्थ लावणीचे रोप असाही होतो. मल्कीला उंची वस्त्रे नेसवली जात, तिच्यासमोर रोज अन्न जाळले जाई, मक्याची चिचा ही बिअर अर्पण केली जाई. सणाच्या दिवशी सर्व मृत राजांचे देह चौकात आणून ज्येष्ठतेच्या क्रमाने बसवले जात, ते एकमेकांकडे पाहुणचाराला जात, आणि त्यांच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेली माणसे लग्नापासून युद्धापर्यंत प्रत्येक बाबतीत त्यांचे मत सांगत. कुस्कोच्या राजकारणात मृत राजे हे जिवंत पक्ष होते, आणि त्यांच्या पनाका श्रीमंत होत्या. नव्या राजाला वडिलांचा मुकुट मिळे, सैन्य मिळे, पण वडिलांची शेते मिळत नसत. स्वतःसाठी नवी भूमी मिळवणे त्याला भागच होते. साम्राज्याच्या झपाट्याचे हे एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ते वगळून केलेले कोणतेही स्पष्टीकरण मला पुरे वाटत नाही.

पूर्वजांचे देह जपण्याची ही रीत इंकांनी नव्याने काढलेली नव्हती. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावरील चिंचोरो लोक सुमारे ७००० वर्षांपूर्वी, म्हणजे इजिप्तच्याही आधी, आपल्या मृतांचे देह मुद्दाम टिकवत होते. अँडीज पर्वतातील प्रत्येक ‘आयल्यू’, म्हणजे जमीन सामाईक असलेला कुळसमूह, आपल्या मूळपुरुषाचा देह गुहेत किंवा दगडी थडग्यात सांभाळत असे आणि त्या देहामुळेच त्या शिवारावर त्याचा हक्क सिद्ध होत असे. राजेशाही पातळीवर हाच विचार कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या त्रुहियो शहराजवळ असलेली चान चान ही चिमू राज्याची राजधानी पाहावी. सुमारे २० चौरस किलोमीटरवर पसरलेले हे शहर कच्च्या विटांचे आहे. तेथे उंच भिंतींनी वेढलेली प्रचंड आवारे आहेत आणि बहुतेक अभ्यासक असे मानतात की प्रत्येक आवार हा एकेका राजाचा वाडा होता, जो त्याच्या मृत्यूनंतर त्याचेच समाधिस्थान झाला. भिंतींवर मासे, समुद्रपक्षी आणि जाळ्याची नक्षी कोरलेली आहे. इंकांनी सुमारे १४७० मध्ये चिमू राज्य जिंकले, त्यांचा राजा मिंचनसामान याला कुस्कोला नेले आणि त्यांचे सोनार-तांबटही राजधानीत आणून बसवले. कुस्कोतील ज्या सोन्याने पुढे स्पॅनिश लोकांचे डोळे दिपले, त्यामागे या किनारपट्टीच्या कारागिरांचा हात होता.

येथे काळाचे भान ठेवणे फार गरजेचे आहे. पाचाकुती हा राजा परंपरेनुसार १४३८ मध्ये, चांका लोकांचा हल्ला परतवून, सत्तेवर आला आणि कुस्को खोऱ्यातील एका लहान राज्याचे ‘तावांतिनसुयू’, म्हणजे एकत्र असलेले चार भाग, असे साम्राज्य होण्यास तेव्हा आरंभ झाला. स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख फ्रान्सिस्को पिझारो आला १५३२ मध्ये. मधली वर्षे शंभरसुद्धा भरत नाहीत. दक्षिण कोलंबियापासून चिलीतील माउले नदीपर्यंत जे लोक या साम्राज्यात होते, त्यांपैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा स्वतंत्र राज्यांत जन्मलेले होते आणि ते कसे जिंकले गेले याच्या कहाण्या घराघरात ताज्या होत्या. रस्ते, पायऱ्यांची शेती, गाठींच्या दोऱ्यांनी हिशेब ठेवण्याची पद्धत यांतील बरेचसे वारी, तिवानाकु आणि त्याहून जुन्या संस्कृतींकडून आलेले होते. त्या दीर्घ वारशाचे शेवटचे आणि अल्पायुषी धनी म्हणून इंकांकडे पाहिले, म्हणजे पुढच्या घटना समजू लागतात.

आता धर्म. सूर्यदेव ‘इंती’ हा राजघराण्याचा मूळपुरुष मानला जाई आणि प्रत्येक जिंकलेल्या प्रांतात त्याचे देऊळ व त्याच्या नावे शेते असत, हे खरे. विराकोचा हा निर्माता, इयापा हा विजेचा व पावसाचा देव, मामा कीया ही चंद्रदेवी आणि पाचामामा ही भूमी, ही नावेही खरी. परंतु सामान्य माणसाचा धर्म ज्या शब्दात सामावलेला होता तो शब्द म्हणजे ‘वाका’. झरा, खडक, शिखर, पूर्वजाचा देह, एकाच देठाला लागलेली जुळी कणसे, ज्या ज्या ठिकाणी शक्ती प्रकट होते असे वाटे, ती वस्तू वाका. वाका बोलत असे, रागावत असे, तिला नातलग असत आणि तिला जेवू घालावे लागे. कुस्कोभोवतीच्या वाकांची जी यादी १७व्या शतकातील धर्मगुरू बेर्नाबे कोबो याने नोंदवली आहे, तिच्यात ३२८ वाका आहेत. त्या ४१ काल्पनिक रेषांवर ओवलेल्या होत्या आणि या रेषा कोरिकांचा या सूर्यमंदिरापासून किरणांसारख्या बाहेर जात. प्रत्येक रेषेची जबाबदारी ठरावीक पनाकेकडे किंवा आयल्यूकडे होती, त्यामुळे कोणत्या कुळाने कोठे आणि केव्हा नैवेद्य न्यायचा हे त्या भूदृश्यातच लिहिलेले होते. चांकांविरुद्धच्या लढाईत दगड उठून योद्धे झाले आणि पाचाकुतीच्या बाजूने लढले अशी कथा आहे; ते दगडही नंतर शोधून आणून पूजेत ठेवण्यात आले.

शेजाऱ्यांच्या देवांबाबत इंकांचे धोरण धूर्त होते. ते देव मोडत नसत. जिंकलेल्या प्रांताची मुख्य वाका सन्मानाने कुस्कोला आणली जाई, तिच्यासोबत तिचे पुजारी येत आणि तिची पूजा चालू राही, पण ती एका अर्थाने ओलीस असे. प्रांताने बंड केले तर त्या वाकेला भर चौकात फटके मारले जात, असे कोबो लिहितो. तितिकाका सरोवरातील बेटावर, जेथून सूर्य प्रथम उगवला असे तेथील लोक मानत, तेथे इंकांनी आपली तीर्थयात्रा बसवली आणि ती जुनी कथा आपल्या घराण्याच्या कथेला जोडून घेतली. आजच्या लिमाच्या दक्षिणेला लुरिन खोऱ्यात पाचाकामाक हे किनारपट्टीचे मोठे दैवत होते. शेकडो वर्षे जुन्या या क्षेत्राला धक्का न लावता इंकांनी शेजारच्या उंचवट्यावर सूर्याचे मंदिर बांधले आणि मूळ देवाला कौल लावण्याचे काम पूर्वीसारखेच सुरू ठेवले.

या नात्याची सर्वांत कठोर बाजू म्हणजे ‘कापाकोचा’. प्रांतोप्रांतीची निवडलेली मुले कुस्कोला आणली जात, तेथे त्यांचा मोठा सोहळा होई, आणि नंतर उंच शिखरावर किंवा त्यांच्याच प्रदेशातील वाकेपाशी त्यांना अर्पण केले जाई. १९९९ मध्ये योहान राइनहार्ड आणि कॉन्स्टान्सा सेरुती यांच्या तुकडीला अर्जेंटिना-चिली सीमेवरील युयायाको शिखराजवळ, ६७०० मीटरहून अधिक उंचीवर, अशी तीन मुले सापडली. त्यांतील मोठी मुलगी सुमारे १३ वर्षांची आहे. ती मांडी घालून बसलेली, मान किंचित पुढे झुकलेली, केसांच्या बारीक वेण्या घातलेल्या, आणि दातांत कोकाची पाने तशीच धरलेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केसांच्या तपासणीतून दिसले की शेवटच्या वर्षभरात तिला कोका आणि चिचा वाढत्या प्रमाणात दिली जात होती. साल्टा येथील संग्रहालयात या मुलांचे देह गोठणबिंदूच्या खूप खाली ठेवलेले आहेत. विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना मी घाई करत नाही आणि त्याला सौम्य शब्दही शोधत नाही. पण हेही सांगतो की मूल देणाऱ्या स्थानिक प्रमुखाचा अधिकार कुस्कोकडून पक्का होत असे. ओक्रोस येथील एका प्रमुखाने आपली मुलगी तांता कार्वा हिला असे अर्पण करून आपले पद मिळवले आणि १७व्या शतकाच्या आरंभीही तिचे नातलग तिची पूजा करत होते. राजधानी आणि प्रांत यांना बांधणारी गाठ अशी रक्ताची होती.

राज्यकारभाराविषयी थोडक्यात. चलन नव्हते, बाजाराचे महत्त्व डोंगराळ भागात कमी होते, आणि कर श्रमाच्या रूपात घेतला जाई. त्याला ‘मिता’ म्हणत. मराठीत त्याचे भाषांतर ‘वेठ’ असे केले जाते, ते अर्धेच बरोबर आहे, कारण पाळीने कामाला आलेल्या माणसाला राज्याने अन्न, चिचा आणि अवजारे देणे बंधनकारक होते आणि आयल्यूमधील परस्परांना हात देण्याच्या रीतीचा तो विस्तार होता. हे पाहुणचाराचे कर्ज फेडण्यासाठी कोठारे हवीत. एकट्या मांतारो खोऱ्यात, वांका लोकांच्या प्रदेशात, पुरातत्त्वज्ञांना दोन हजारांहून अधिक कोठारांचे अवशेष मिळाले आहेत. त्यांत मका असे, कापड असे, आणि रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात वाळवलेला ‘चुन्यो’ हा बटाटा असे, जो वर्षानुवर्षे टिकतो. (आपल्या उपवासाच्या ताटातील बटाटा मूळचा याच डोंगरांतला आहे, पोर्तुगिजांच्या जहाजांतून तो आपल्याकडे आला आणि नावही त्यांचेच घेऊन आला.) कोठारांचा हिशेब ‘किपू’ या गाठींच्या दोऱ्यांवर ठेवला जाई आणि ३०,००० किलोमीटरहून लांब रस्त्यांच्या जाळ्यावरून निरोपे धावत असत. हेच रस्ते आणि हीच कोठारे पुढे स्पॅनिश सैन्याला आयती मिळाली.

१५२०च्या दशकाच्या उत्तरार्धात राजा वायना कापाक उत्तरेकडे असताना साथीच्या रोगाने मरण पावला. तो रोग बहुधा देवी हा असावा, जो स्पॅनिश माणसे येण्याआधीच पसरत आला होता. त्याचा नियोजित वारसही गेला. मग कुस्कोत वास्कार आणि उत्तरेत अतावाल्पा या दोन मुलांमध्ये यादवी पेटली. हा भाऊबंदकीचा साधा झगडा म्हणून सांगितला जातो, पण त्यातही मृत राजे होतेच. चांगली जमीन सारी मेलेल्यांनी अडवली आहे, तेव्हा मृतांना पुरून टाकले पाहिजे, असे वास्कार म्हणत असे, आणि त्यामुळे पनाका त्याच्यावर उलटल्या, असे पिझारोचा नातलग आणि मोहिमेतला सोबती पेद्रो पिझारो याच्या वृत्तांतात आहे. पुढे अतावाल्पाचे सेनापती कुस्कोत शिरले, तेव्हा वास्कारच्या आजोळच्या पनाकेचा सूड म्हणून त्यांनी तोपा इंका युपांकी या महान विजेत्याची मल्की जाळून टाकली. ती अतावाल्पाच्या स्वतःच्या आजोबांची होती. स्पॅनिश माणसाचे पाऊल कुस्कोत पडण्यापूर्वीच हे घडले होते. अतावाल्पाने वामाचुको येथील कातेकिल या वाकेलाही सोडले नाही. तिने प्रतिकूल कौल दिला म्हणून त्याने मूर्तीचे डोके उडवले. ज्या नात्यांवर साम्राज्य उभे होते ती नाती राजपुत्रांनी स्वतःच तोडायला घेतली होती.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्का येथे जे घडले ते पुष्कळांना माहीत आहे. यादवी जिंकलेला अतावाल्पा हजारो अनुचरांसह, पण जवळजवळ निःशस्त्र, चौकात आला. धर्मगुरू विसेंते दे व्हाल्व्हेर्दे याने त्याच्या हाती धर्मग्रंथ दिला, त्याने तो भिरकावला, आणि चौकाभोवतीच्या लांब दालनांत लपलेले घोडेस्वार व पायदळ तुटून पडले. स्पॅनिश लोकांना इंका देव समजले, ही समजूत मात्र सोडून द्यावी. अतावाल्पाच्या हेरांनी ती माणसेच असल्याचे त्याला सांगितलेले होते आणि त्यांना पकडायचे त्याने ठरवलेही होते. दुसऱ्या एका पालखीत किनारपट्टीच्या चिंचा राज्याचा प्रमुख होता, ज्याला इंका राजाच्या समोर पालखीत बसण्याचा मान होता. तो तेथेच मारला गेला. अतावाल्पाच्या पालखीचे भोई हात तुटले तरी खांदा देत राहिले, असे हल्लेखोरांनीच लिहून ठेवले आहे. घोडे, पोलाद आणि अचानक हल्ला यांनी ती दुपार जिंकली. साम्राज्य जिंकायला मात्र पुढे ४० वर्षे लागली.

अतावाल्पा कैद झाला होता. त्याच्या सुटकेची खंडणी म्हणून एक खोली सोन्याने भरायची ठरली. शेवटी सुमारे ६ टन सोने आणि सुमारे १२ टन चांदी वितळवली गेली. हे सोने लवकर यावे म्हणून तीन स्पॅनिश माणसे कुस्कोला गेली. सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटण्यास तेथील लोकांनी साफ नकार दिला, तेव्हा त्या तिघांनी पहारींनी ७०० पत्रे स्वतः काढले, प्रत्येकी सुमारे २ किलोचे. एका मोठ्या घरात त्यांना दोन मल्की दिसल्या. त्यांच्यापाशी चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा घातलेली एक स्त्री बसली होती आणि देहांवरची धूळ व माश्या पंख्याने वारत होती. जोडे काढल्याशिवाय तिने त्यांना आत येऊ दिले नाही. त्यांनी जोडे काढले, आत गेले आणि त्या देहांवरचे सोने काढून घेतले. तेथील सारेच नेऊ नका, असे अतावाल्पाने बजावले होते, कारण त्यांतला एक देह त्याच्या वडिलांचा होता. या विजयाच्या हजारो पानांतून मला एकच दृश्य निवडायचे असेल तर मी हे निवडीन : बाहेर काढून ठेवलेले जोडे आणि आत चाललेली लूट.

२६ जुलै १५३३ रोजी अतावाल्पाला मृत्युदंड देण्यात आला. शिक्षा जाळण्याची होती. बाप्तिस्मा घेतल्यास गळा आवळून मारू, असे सांगण्यात आले, आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. युरोपीय वाचकाने यात धर्मांतर पाहिले. अँडीजच्या बाजूने पाहिले तर जळालेल्या देहाची मल्की होत नाही, आणि ज्याची मल्की नाही त्याला वंशजांमध्ये स्थान नाही. हे त्याच्याइतके कोणाला कळणार, ज्याच्या सेनापतींनी आजोबांचा देह जाळला होता? काहामार्का येथे त्याचे ख्रिस्ती पद्धतीने दफन झाले आणि नंतर त्याच्या माणसांनी तो देह गुपचूप हलवला, असे वृत्तांत सांगतात.

आता १६८ या आकड्याकडे पुन्हा वळू. तो खरा आहे आणि तरीही दिशाभूल करणारा आहे, कारण त्यात इंकांनी जिंकलेले आणि स्पॅनिश पक्षाला मिळालेले लोक नाहीत : वांका नाहीत, कान्यारी नाहीत, चाचापोया नाहीत. यादवीत अतावाल्पाच्या सैन्याने कान्यारींची कत्तल केली होती. ते स्पॅनिश पक्षाला मिळाले आणि १५३६ मध्ये, स्पॅनिश लोकांनीच गादीवर बसवलेल्या पण पुढे उलटलेल्या मांको इंकाने कुस्कोला वेढा घातला तेव्हा शहर राखण्यासाठी लढले. त्याच वर्षी लिमावर इंका सैन्य चालून आले, तेव्हा पिझारोची इंका सहचरी किस्पे सिसा हिच्या आईने, वायलास प्रांताच्या प्रमुख असलेल्या कोंतारवाचो हिने, आपले योद्धे त्याच्या मदतीला पाठवले. वांकांची गोष्ट तर कागदोपत्री आहे. त्यांनी पिझारोला पहिल्या दिवसापासून किती माणसे, किती लामा, किती मका आणि किती कापड दिले याचा हिशेब किपूवर गाठून ठेवला होता आणि सुमारे २५ वर्षांनी त्यांच्या प्रमुखांनी लिमाच्या न्यायालयात त्या दोऱ्यांवरून तो वाचून मोबदला मागितला. त्यांच्या दृष्टीने हे अँडीजमधील नेहमीचे नाते होते : आम्ही दिले, आता तुम्ही द्या. विजेत्यांच्या दप्तरात मात्र या नात्याला नाव नव्हते. एका धन्याला घालवून दुसरा आणला, एवढ्यावर ते थांबले नाही. नवा धनी परतफेड मानणारा नव्हता, हे त्यांना उशिरा उमगले.

मांकोने विल्काबांबाच्या जंगलात राज्य टिकवले आणि त्याचा मुलगा तुपाक आमारू याचा १५७२ मध्ये कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला, तेथे राजकीय विजय पूर्ण झाला. पण स्पॅनिश अधिकाऱ्यांना कळून चुकले होते की खरे राज्य अजून गुहांत आणि लपवलेल्या घरांत बसलेले आहे. कुस्कोचा दंडाधिकारी पोलो दे ओंदेगार्दो याने १५५९ मध्ये राजांचे देह हुडकून काढले. गार्सिलासो दे ला व्हेगा, ज्याची आई इंका राजकन्या आणि वडील स्पॅनिश सरदार होते, तो १५६० मध्ये स्पेनला निघण्यापूर्वी निरोप घ्यायला पोलोच्या घरी गेला. तेथे त्याने आपल्या पूर्वजांपैकी पाच जणांना पाहिले, तीन राजे आणि दोन राण्या. केस आणि भुवयादेखील शाबूत होत्या. त्याने वायना कापाकच्या बोटाला हात लावला, ते लाकडासारखे कडक लागले. पांढऱ्या चादरीत गुंडाळून ते देह रस्त्यातून नेले जात, तेव्हा लोक गुडघे टेकून रडत आणि स्पॅनिश माणसे टोप्या काढत, असे त्याने म्हातारपणी लिहिले. काही देह लिमाच्या सान आंद्रेस रुग्णालयात पाठवले गेले आणि नंतर त्यांचा माग लागलेला नाही.

१५६०च्या दशकात आयाकुचोच्या परिसरात ‘ताकी ओंकोय’ ही चळवळ उठली. वाका आता दगडांत न राहता माणसांच्या अंगात येतात, असे तिचे उपदेशक सांगत. मूर्तीच फोडलेल्या होत्या, तेव्हा देवांनी अंगाखेरीज जावे तरी कोठे? १६०९ पासून मूर्तिपूजा उखडण्याच्या मोहिमा गावोगाव निघाल्या आणि कुळांचे मल्की बाहेर काढून जाळले गेले. गावकऱ्यांनी आपल्या माणसांना चर्चच्या आवारात पुरावे असा हुकूम होता. रात्री लोक ते देह उकरून पुन्हा डोंगरातल्या गुहांत नेत. असे का करता म्हणून विचारल्यावर ते ‘कुयास्पा’ म्हणत, म्हणजे ‘मायेपोटी’, हे मोहिमेतल्याच पाब्लो होसे दे आर्रियागा या धर्मगुरूने १६२१ मध्ये नोंदवून ठेवले आहे. मातीच्या ओझ्याखाली आमच्या माणसांना त्रास होतो, असे ते त्याला सांगत होते.